वरच्या रोलरचे दोन आकडे

'थोडंसं' हा शब्द मिलीमीटर मॅडमना चालायचा नाही. कुणी म्हणालं, "मॅडम, रोलर थोडासा उचललाय," की त्या मान वर न करता विचारायच्या, "थोडासा म्हणजे किती?" लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात त्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होत्या आणि मी मिलचा ऑपरेटर. हे नाव आम्हीच त्यांच्या माघारी ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा चहा पिताना म्हणाल्या, "नाव बरंय. माप तरी आहे त्यात."

मिलमध्ये ऊस पिळणाऱ्या रोलरांपैकी वरचा रोलर कित्येक टनांचा, पण तो पक्का आवळलेला नसतो. तेलाच्या दाबाखाली तरंगता असतो. उसाचा थर जाड आला की काही मिलीमीटर उचलतो, पातळ झाला की बसतो. ते मोजायला मॅडमनी त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सेन्सर बसवून घेतला होता. हे चालतं कसं म्हणून मी विचारलं, तर त्यांनी एक जुना उघडून माझ्या हातात दिला.

"ही नळी. आत तारेच्या तीन गुंडाळ्या. मधलीत वीज सोडायची. हा लोखंडी गज रोलरबरोबर वरखाली होतो. गज बरोबर मध्ये असला की दोन्ही बाजूंना सारखीच वीज उमटते. जरा सरकला की एकीकडं वाढते, दुसरीकडं घटते. तो फरक पडद्यावर मिलीमीटरात दिसतो." मग बोट वर करून म्हणाल्या, "पण गणपतभाऊ, एकच आकडा बघून कधी चालायचं न्हाई. दोन्ही टोकं जोडीनं बघा."

त्या हंगामात एकदा त्यांचाच सेन्सर खोटं बोलला. केबलच्या जोडात उसाचा रस शिरला, आकडा भलताच आला आणि मॅडमनी मिल थांबवली. रोलर ठणठणीत निघाला. चीफ इंजिनिअर सगळ्यांसमोर त्यांना नको ते बोलले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "चूक माझी. जोड मी तपासायला पाहिजे होता." त्या दिवसापासून पडद्यावर काही वेगळं दिसलं की मिलमध्ये हसू फुटायचं.

थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, गाळप जोरात असताना डावीकडचा आकडा नऊवर गेला आणि उजवीकडचा शून्यावरून हलेना. मी मॅडमना बोलावलं. मागोमाग चीफ आले.

"पुन्हा रस गेला असंल," ते म्हणाले. "मिल बंद करायची न्हाई. यार्डात उसाच्या गाड्या बघितल्या का किती हायेत?"

मॅडमनी बघितल्या होत्या. त्याच रांगेत त्यांच्या वडिलांचा, आप्पांचा, ट्रॅक्टर उभा होता. किल्लारीकडच्या शेतातला तोडलेला ऊस त्यात आदल्या दिवसापासून उन्हात वाळत होता, वजनात घटत होता.

"साहेब, हवं तर सेन्सरवर इश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "मी हातानं मोजते."

त्यांनी मिलीमीटर दाखवणारा काट्याचा गेज घेतला आणि चालू मिलच्या उजव्या अंगाला चढल्या. मी बंद करायच्या लाल बटणावर हात ठेवून उभा राहिलो. खाली रोलर करकरत होता, गरम रस उडत होता. मॅडमनी गेज टेकवला आणि काट्याकडं बघत राहिल्या. उसाचा जाड थर आला, डावं टोक उचललं, काटा जागचा हलला नाही. पुन्हा थर आला. पुन्हा तेच.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "दाबा!"

मी चीफकडं न बघता बटण दाबलं. मिल थांबली आणि त्या शांततेत चीफ ओरडले, "आता काही निघालं न्हाई तर दोघंबी घरी जावा!"

आम्ही उजवीकडचं झाकण उघडलं. रोलरचं टोक पेलणारं बेअरिंग आपल्या खोबणीत अडकून बसलं होतं. रोलर तिरका चालत होता आणि त्याचा शाफ्ट तिथं तापून निळा पडलेला. जवळून बघितलं तर त्यावर बारीक चीर. तो तुटला असता तर खाली काम करणारी चार माणसं वाचली नसती. चीफनी फडक्यानं चीर पुसून बघितली आणि हात पुसत निघून गेले.

दुरुस्तीला वेळ लागला. मॅडम यार्डात गेल्या तेव्हा मी बरोबर होतो.

"माय, कवा चालू हुईल?" आप्पांनी विचारलं.

"सांगू शकत न्हाई, आप्पा."

"कुणी बंद केली?"

"म्या."

आप्पांनी वाळलेल्या मोळ्यांकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मिल सुरू झाली, ऊस गव्हाणीत पडला, पण बापलेकीचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मॅडम त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. डबा मात्र बऱ्याचदा न उघडताच परत न्यायच्या.

पुढच्या हंगामात त्यांना नांदेडला दुसऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सामान न्यायला कुणी बोलावलेलं नसताना आप्पा ट्रॅक्टर घेऊन आले. मॅडम क्वार्टरमध्ये भांडी बांधत होत्या. आप्पा आधी मिलकडं आले आणि मला म्हणाले, "ज्याच्यापायी मिल बंद केली ते आकडे कुठं दिसत्यात, दाखवा की."

मी त्यांना पडद्यासमोर नेलं. डावीकडं सहा, उजवीकडं सहा. सात, सात. पाच, पाच. आप्पा टोपी हातात धरून बराच वेळ बघत उभे राहिले.

"आन् त्या दिशी?"

"एकीकडं नऊ. दुसरीकडं काहीच न्हाई."

"खाली माणसं होती?"

"हाव. चार."

त्यांनी टोपी घातली. मग माझ्याबरोबर क्वार्टरपाशी आले आणि लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "माय, जड सामान उचलू नको गं! मी आलोय!"