काळी कुत्री आणि शनिवारची पोळी

तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी तुम्ही फोन केलात आणि आजीचा आरडाओरडा ऐकून घाबरून ठेवून दिलात. मी कोणावर ओरडत होते, ते क्रमाने सांगते. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा एखादा शब्द कडक पडला तर पडू दे.

तुमच्या आत्याची नजर गेल्यापासून ती माझा खांदा धरून शाळेत शिकवायला जायची. इथे कळंबमध्ये शाळा काही लांब नाही. पण चाळिशीतल्या मास्तरीणबाईंना रोज आई सोडायला येते, हे तिच्या जिवाला लागायचं. म्हणून तिने दक्षिणेतल्या एका संस्थेकडे मागणी केली, तिथे राहून शिकली आणि वाट दाखवणारी कुत्री घेऊन आली. काळी कुळकुळीत लॅब्रॅडॉर. तिच्या पाठीवर दांडीचा पट्टा चढवतात, त्याला हार्नेस म्हणतात. तो चढला की कुत्री कामावर. पायरी, खड्डा, आडवी लावलेली मोटरसायकल, काहीही आलं की ती थांबते. आत्या ‘चल’ म्हणाली तरी पुढे धोका असेल तर हलत नाही. मालकिणीचं केव्हा ऐकायचं नाही, हेसुद्धा तिला मुद्दाम शिकवलेलं आहे. आपल्याकडून अपेक्षा इतकीच, की ती कामावर असताना तिला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही आणि खायला घालायचं नाही. गल्लीतल्या घरोघरी जाऊन मी हे सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, वर चहा पाजला.

आता शनिवारचं ऐका. काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की शनीचा त्रास कमी होतो, अशी इकडे समजूत आहे. समोरच्या कापडवाल्याला साडेसाती. पूर्वी तो ताटली घेऊन काळं कुत्रं शोधत बस स्टँडपर्यंत जायचा. आता सकाळच्या शाळेच्या वेळी ते आपल्या पायांनी त्याच्या ओट्यासमोरून जाऊ लागलं. त्याला देवच पावला. तो आवाज न करता पोळी पुढे करायचा, कुत्री चालता चालता घास उचलायची. आत्याच्या हाताला नुसता हिसका जाणवायचा.

त्याच्या ओट्यापुढे नालीवरची एक फरशी निघालेली आहे. एका शनिवारी त्याने नालीपलीकडून पोळी दाखवली. कुत्री झेपावली आणि आत्या नालीत पडली. उजवं मनगट मोडलं. त्यानेच धावत येऊन तिला उचललं, तेही लिहायला हवं. पण आवाज ऐकून मी घरातून धावत आले, तर मला म्हणतो कसा, “काकू, जनावर ते जनावरच. त्याच्या भरवशावर पोरीले कायले सोडता?”

खाली तेलाची पोळी पडली होती. आणि हाच माणूस आत्या ब्लाऊजपीस घ्यायला गेली तर कुत्रीला दुकानाची पायरी चढू देत नाही. गिऱ्हाईक भेतात म्हणे!

संस्थेतून प्रशिक्षक मुलगी आली. कोल्हापूरकडची, कमी बोलणारी. आत्याला आणि कुत्रीला घेऊन ती गल्लीत फिरली. कापडवाल्याच्याच नाही, आणखी दोन-तीन ओट्यांपाशी कुत्रीचं नाक वळलं. चहा पाजणारे सगळे मला एकदम कळले.

“आजी, कुत्रीला मी परत शिकवीन,” ती म्हणाली. “पण ओट्यावरच्या माणसांना मी काय शिकवणार? ती पुन्हा खाण्याकडे वळली तर मला तिला परत न्यावं लागेल. ताईंच्या जिवाशी खेळ नको.”

आत्या प्लास्टर नसलेला हात कुत्रीच्या कानामागून फिरवत राहिली.

मग आमच्या अंगणात रोज तेलाच्या पोळ्या मांडल्या गेल्या, आणि त्यांच्यामधून आत्या आणि कुत्री चालू लागल्या. कुत्री वळली की थांबायचं, मागे फिरायचं, पुन्हा पहिल्यापासून. न वळता आली की शाबासकी. शनिवारी काय ते ठरणार होतं.

त्या सकाळी मी आधीच जाऊन कापडवाल्याच्या ओट्यासमोर उभी राहिले. तो ताटली घेऊन हजर.

“काकू, पोळी हाये, इख नाही.”

“माझ्या मुलीला विषच आहे ते.”

“येवढ्या कायले तापून राह्यल्या? पुण्य तं तुमालेबी लागते ना.”

“दुकानात कुत्रीची अडचण होते, आणि पुण्य तिच्याकडूनच हवं?”

“दुकानाची गोष्ट येगळी हाये.”

“मग तुझी साडेसाती आजपासून माझ्या घरी पाठव. समोरच घर आहे, शनीला पत्ता शोधावा लागणार नाही!”

घरातून त्याच्या बायकोचा आवाज आला, “शनीच पयून जाईन काकूले पाहून.”

नेमका तेव्हा तुमचा फोन आला. तो मी उचलला आणि हातात धरून ओरडतच राहिले, कारण आत्या जवळ आली होती आणि हा माणूस माझ्या देखत ताटली पुढे करून ‘यू, यू’ करत होता.

कुत्रीचं नाक वळलं. मग ते सरळ झालं. निघालेल्या फरशीपाशी ती थांबली. आत्याने पायाने कड चाचपली, डावीकडे वळायला सांगितलं, आणि दोघी वळसा घालून पुढे गेल्या. मागून येणाऱ्या प्रशिक्षक मुलीने माझ्याकडे पाहून मान डोलावली.

“शनीची पोळी नाकारली तिनं,” कापडवाला म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. “आता मायं कसं होईन?”

मला दया यायला हवी होती. आली नाही. “नालीवर फरशी बसव,” मी म्हटलं. “शनीला तेही चालेल.”

प्रशिक्षक मुलगी एकटीच परत गेली. कापडवाला पुन्हा बस स्टँडकडे जाऊ लागला आहे आणि आमच्याशी बोलत नाही. दिवाळीत याल तेव्हा हार्नेस असेपर्यंत तुम्हीही कुत्रीला हात लावायचा नाही. लावलात तर तुमच्यावरही अशीच ओरडेन.

फरशी अजून बसलेली नाही. कुत्री रोज तिथे थांबते, आत्या रोज कड चाचपते आणि दोघी वळसा घालून शाळेत जातात.