मुकी बशी आणि मामंजींचं घोरणं

प्रयोगशाळेत तिला सगळे काकी म्हणत. वयामुळे नव्हे, बोलण्यामुळे. उबेच्या कपाटातून पेशींच्या बश्या काढताना ती म्हणायची, "चला गं बायांनो, अंघोळीला!" लेक शाळेत जायला लागल्यावर काकीनं स्वतःचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा हाती घेतलं होतं. आता रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी तिच्या पदरात होत्या. जरा उकडलं की रुसणाऱ्या.

काम असं. बशी कोमट पाण्याच्या टबात ठेवायची आणि खालून अल्ट्रासाउंड सोडायचा. कानाला ऐकू न येणारा आवाज, पण पेशींना गुदगुल्या करणारा. मग बघायचं, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारं जनुक त्यांच्यात जागं झालं का. सोबत एक मुकी बशी. तिचीही अंघोळ तशीच, फक्त आवाज नाही. ती निजलेली राहिली, तरच दुसरीच्या जागेपणाला अर्थ.

आणि मुकी बशी टक्क जागी! पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"काकी, दोन्ही जाग्या, म्हणजे आवाजाची करामत कशी म्हणायची?" तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर हा विषय बंद."

काकीचं तोंड एवढंसं झालं. लेकरांसारख्या जपलेल्या पेशी अशा वाऱ्यावर सोडायच्या?

रविवारी दुपारी ती जरा आडवी झाली. पलीकडच्या खोलीत सासरे घोरत होते. घोरणं कसलं, लाकडाची वखारच! तिनं दार लावलं, कानावर उशी घेतली, तरी भिंतीला टेकलेला पलंग थरथरतच होता. ती तणतणत गेली.

"मामंजी, घोरता तुम्ही आणि झोप माझी मोडते!"

"मी काय तुझ्या खोलीत येऊन घोरतोय?" सासरे डोळे न उघडताच म्हणाले.

काकी जागच्या जागी थबकली. वेळ वाचावा म्हणून ती दोन्ही बश्या एकाच टबात ठेवायची, शेजारी शेजारी. आवाज एकीच्याच खाली, पण पाण्यातून पसरून, टबाच्या भिंतीवर आपटून तो दुसरीलाही हलवत असणार.

"अगं बाई! मुकीला मी घोरणाऱ्याच्याच पलंगावर निजवलं की!"

सोमवारी मुकीला वेगळा टब मिळाला, दोन्ही टबांच्या भिंतींना आतून आवाज शोषणारं जाड रबराचं अस्तर. गुरुवारी निकाल आला. मुकी गाढ झोपेत, आणि आवाजवालीतलं जनुक दुपटीनं जागं.

सरांनी आलेख खालीवर बघितला. "आणखी दोनदा करून दाखवा. पण विषय चालू राहू दे. हे सुचलं कसं हो?"

"घरी एक मशीन आहे, सर. जुनं आहे, पण दणकट."

संध्याकाळी तिनं सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांची छाती फुगली. "मग हा शोध छापशील तेव्हा माझं नाव घालायचं हं, सूनबाई!"

"घालते की. आधी जरा उठा, मामंजी." पिशवीतून उरलेलं रबर काढत ती म्हणाली, "तुमच्या पलंगामागे हे लावून घेऊ."