मेथीच्या भावात ग्रामसभा

लोक बिदरकडे किल्ला पाहायला जातात. मी एक बंद पडलेलं साप्ताहिक पाहायला गेलो. त्याचे संपादक व्यंकटअण्णा माझे जुने मित्र. छापखाना विकून आता तिथं झेरॉक्सचं दुकान झालंय, असं ते फोनवर म्हणाले. प्रगती पाहायची मला भारी हौस. गुरुवारी सकाळीच लातूर सोडलं.

उदगीरपर्यंत एसटी, पुढे कमलनगरची बस. सीमा ओलांडल्यावर रस्ता सुधारतो की बिघडतो, हे निवडणूक कोणत्या बाजूला जवळ आली आहे त्यावर ठरतं. स्टँडसमोर सुसला जरूर खा: भिजवलेले चुरमुरे, वर झणझणीत फोडणी, सोबत मिरचीभजी. चाळीस रुपयांत पोट भरतं. पुढे गावाला जीप. ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली असं चालकाला कधीच वाटत नाही.

गावाचं नाव सांगत नाही, पंचायत लाजेल. आठवडी बाजार भरला होता. अण्णांनी तिथंच खबर दिली: उद्या ग्रामसभा, आणि बाजाराची जागा दुकानगाळ्यांना द्यायचा ठराव. दवंडी रीतसर झाली होती. भर दुपारी, तुरीच्या काढणीत, गावात फक्त शेळ्या असताना. पूर्वी अण्णा सभेची तारीख पहिल्या पानावर छापायचे, त्यामुळे दवंडीलाही संध्याकाळी यायची बुद्धी व्हायची. आता जे पेपर उरलेत, त्यांना पंचायत अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींतून सवड नाही.

महानंदाअक्का या बाजारात भाजी विकते. तिची आईही इथंच बसायची. गाळे झाले की तिची टोपली रस्त्यावर. ठरावाचं ऐकून ती अण्णांवरच उखडली.

"पेपर कामून बंद केलाव, अण्णा?"

"कुणी इकत घेईना, अक्का. तू तरी घेतलीस का?"

"मला कुटं वाचायला येतंय? पर तुमच्या भ्यानं ते नीट वागायचे, न्हाई का?"

मग अक्कानंच टोपलीमागून हाळी दिली, "मेथी दहाला दोन जुड्या! उद्या पंचायतीत सभा, बाजार उठवायलेत! मेथी दहाला दोन!" शेजारच्या कांदेवालीनं ती हाळी उचलली, मग मिरचीवाल्यानं. भावाबरोबर बातमीही घरोघर गेली.

मी अण्णांकडे मुक्काम केला. शुक्रवारी पंचायतीचं अंगण माणसांनी गच्च भरलं. आजवर इथल्या सभा रिकाम्या खुर्च्यांपुढे झाल्या आणि सह्या नंतर दारोदार गोळा झाल्या. कोरम कधीच अडला नाही. त्या दिवशी तो खरोखरच भरला आणि अधिकाऱ्यांना घाम फुटला. अपेक्षेपेक्षा जास्त उपस्थितीमुळे सभा तहकूब! माणसं नसताना चालणारी ग्रामसभा माणसं येताच बंद पडली. ठराव लटकला. पुढची तारीख 'रीतसर कळवू'.

शनिवारी घरी पेपर उघडला. सीमाभागाच्या पानावर साड्यांचा सेल होता, सभेची एक ओळ नव्हती. ज्या गावाबद्दल कुणी लिहीत नाही, तिथं काहीही करता येतं, हे मी व्यासपीठांवरून घसा फोडून सांगत आलोय. अस्वस्थ होऊन अक्काला फोन लावला. पुढची सभा गुपचूप उरकली तर?

"तारीख लपवू द्या की," ती म्हणाली. "आमी दर गुरुवारी वरडून इचारतो, सभा कवा हाय म्हून. गिऱ्हाईक बी इचारायलेत आता."