पोत्याचा दोरा आणि माझ्या गाठी

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली.

धान्याच्या पोत्यांचं तोंड शिवायला वापरलेला दोरा लोक फेकून देतात. तो गोळा करून मी जुन्या गोणपाटावर चित्रं भरते. दोऱ्याचे तुकडेच मिळतात, म्हणून गाठी मारते. मागच्या प्रदर्शनात लोक त्या गाठींना ‘जगण्यातली गुंतागुंत’ म्हणाले. मीही मान डोलावली.

आज चिखलीत किराणा दुकानात तांदळाचं पोतं फोडायचं होतं. मालकांना विचारून मीच दोरा ओढला; निघेना, म्हणून कात्रीनं कापू लागले. तिथं धान्य निवडणाऱ्या शांताबाई म्हणाल्या, “मॅडम, काऊन कापून राह्यल्या? उलट्या टोकाले धरलं ना तुमी.”

त्यांनी दुसरं टोक ओढलं. अख्खा दोरा सर्रकन हातात आला.

मी फोनवर माझं चित्र दाखवलं, तर म्हणाल्या, “इतक्या गाठी? आधी इचारा लागत होतं ना!”

आता तुम्हीच सांगा, पुढच्या चित्रात गाठी मुद्दाम मारू का?