गांधिलींना साखर

शेजारच्या काकांचा फोन आला तेव्हा मी लातूरला ऑफिसात होते. "ताई, तुमच्या आईच्या परसात गांधिली निघाल्यात. जमिनीत घर केलंय. या एकदा," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मला आधी वैतागच आला. गांधीलमाश्यांसाठी रजा टाकायची, नांदेडला गाडी बदलायची, भोकर गाठायचं. वडील गेल्यापासून आई तिथं एकटी राहत होती आणि मी तिची एकुलती एक लेक. दर खेपेला तोच वाद. मी म्हणायची, चल माझ्याकडं. ती म्हणायची, "जावयाच्या दारात जाऊन राहू? आपल्यात असं कुणी केलंय का माय?"

परस म्हणजे काही मोठं नाही. धुण्याचा दगड, कढीपत्ता, तुळशीवृंदावन. वृंदावनाच्या पायथ्याशी रुपयाएवढं भोक होतं आणि त्यातून बोटाच्या पेराएवढ्या तांबूस माश्या आत-बाहेर करत होत्या. भोकाभोवती पांढरं काहीतरी सांडलेलं. मी मागच्या दारात उभी राहून ते बघत होते, तेवढ्यात आई वाटी घेऊन आली. वाटीत साखर कालवलेलं पीठ. मुंग्यांना साखर घालायचा तिचा नेम माझ्या लहानपणापासूनचा. त्याशिवाय ती चहा घेत नाही. पायरी उतरून ती सात पावलं चालली, वाकली, वृंदावनाची कड हातानं चाचपली आणि चिमटी चिमटी पीठ सोडायला लागली. माश्या तिच्या बोटांवरून चालल्या. तिनं हात हलवला नाही.

"औंदा मुंग्या लई झाल्यात," ती म्हणाली.

तिचा दंड धरून मी तिला मागं ओढलं आणि एक माशी माझ्या मनगटाला डसली.

"आई, गांधिली हायत त्या. तुला दिसत न्हाईत?"

ती घरात गेली, फळीवरची चुन्याची डबी नेमकी उचलली, माझ्या मनगटाला चुना लावला. मग म्हणाली, "वरीस झालं. कडंकडंनं अंधारत आलं. तुला कळलं असतं तर तू घेऊन गेली असतीस."

मला कळायलाच हवं होतं. दिवाळीला तिच्या भातात दोनदा खडा लागला होता. मी ते वयावर ढकलून मोकळी झाले. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं मी, दुसरं काय. पण हे आज लिहिताना वाटतंय. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. मनगट सुजत होतं, तेही दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

दिवेलागणीला माश्या आत गेल्यावर काका आले. रॉकेल आता कुठं मिळतंय, म्हणून ट्रॅक्टरसाठी ठेवलेलं डिझेल आणलं होतं त्यांनी. ते भोकात ओतलं, वर ओलं पोतं दाबलं आणि त्यावर चिखल थापला. आतून थोडा वेळ घुमल्यासारखं ऐकू आलं, मग थांबलं. आई दारातच उभी होती.

"मेल्या का?"

"हाव," काका म्हणाले.

"माझ्याच हातचं खाऊन वाढल्या व्हत्या," ती म्हणाली आणि आपणहूनच पातळांच्या घड्या घालायला बसली. तिनं भांडावं असं मला फार वाटत होतं. ती भांडली नाही. सकाळी निघताना कुलूपही तिनंच लावलं, किल्ली एकदाही न चुकता.

लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं सांभाळायची. म्हणजे तिला आणलं ते बरंच केलं, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

भोकरच्या घरात ती कशालाही अडखळत नव्हती. तिथं तिला दिसण्याची गरजच पडत नव्हती. माझ्या फ्लॅटमध्ये पहिल्याच दिवशी ती दोनदा दारावर आपटली. मी म्हणाले, होईल सवय. त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आम्ही नवराबायको जरा लवंडलो. तासाभरानं उठून पाहते तर आई पॅसेजमध्ये फ्रिजला हात टेकून उभी. पातळ ओलं झालेलं, फरशीवर थारोळं. बाथरूम तिथून दोन पावलांवर होतं.

"आई, हाक का न्हाई मारलीस?"

ती आवाज खाली करून म्हणाली, "जावई झोपलेत."