तुरटीच्या लाह्या

"लाहीवाल्या मॅडम गेल्या, सर," आमच्या कॉलेजच्या शिपायाने फोनवर सांगितलं. रामटेके मॅडम. तुमसरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी अख्खी हयात रसायनशास्त्र शिकवलं आणि मला शिकवायला शिकवलं. महिना होत आला, पण फोनवरचं ते नाव अजून टोचतंय. कारण ते नाव माझं आहे...

बारावीच्या प्रॅक्टिकलला तुरटीचे खडे तयार करायचे असत. घेतलेल्या क्षारांवरून जास्तीत जास्त किती तुरटी व्हायला हवी, ते समीकरणावरून काढायचं, ती थिअरेटिकल यील्ड. समजा चोवीस ग्रॅम. हाती आली अठरा, म्हणजे पंचाहत्तर टक्के. इतर शिक्षक इथे थांबत. मॅडम पोरांना खाली आणखी एक ओळ लिहायला लावत : उरलेलं कुठं गेलं? गाळणकागदाला चिकटलं, द्रावणात राहिलं, जे झालं ते लिहा. आकडा कमी आला म्हणून त्यांनी कधी मार्क कापला नाही, पण ही ओळ कोरी दिसली की वही परत.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर, नवखा. परीक्षेच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलेलं, खडे ओलेच. बाहेरचे परीक्षक सकाळी येणार म्हणून मी सगळ्यांचे खडे ओव्हनमध्ये ठेवले आणि घाईत आच वाढवली. तुरटीच्या खड्यात पाणी बांधलेलं असतं, हे मीच वर्गात शिकवत होतो! सकाळी पाहतो तर खडे फुलून पांढऱ्या लाह्या. सगळ्यांची यील्ड चाळिशीवर आली.

परीक्षक चिडले. मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "ओव्हन माह्याकडून जास्त तापला, सर." मग पोरांकडे वळून, "शेवटची ओळ लिहा." चिखल्याच्या एका मुलीने लिहिलं, खड्यातलं पाणी उडून गेलं, आणि किती गेलं तेही मांडून दाखवलं. परीक्षकांनी ते दोनदा वाचलं. सगळी पोरं पास झाली... मॅडमला मात्र स्टाफरूमने नाव चिकटवलं, लाहीवाल्या मॅडम. त्यावर मीही हसायचो. वर्षानुवर्षं.

शेवटचा भेटलो तो एकोडीला, त्यांच्या घरी. चहा संपत आला तेव्हा कसंबसं सांगितलं.

"मले का मालूम नव्हतं? ओव्हनजवळ तूच तं होतास."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तुही नोकरी गेली असती, बाबू. माह्या तं फक्त लाह्या झाल्या." आणि त्या मनापासून हसल्या.

"आता सांगू का साऱ्यांले?"

"सांग ना. पण पोरांले वजनासकट सांग."

त्या लाह्यांची एक बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात अजून आहे, मॅडमनेच जपून ठेवलेली. परवा ती टेबलावर ठेवली आणि वर्गाला सगळं सांगितलं, वजनासकट. शेवटची ओळही लिहून घेतली. तास संपवून व्हरांड्यात आलो, तर मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लाहीवाले सर चालले."

मी वळून पाहिलं नाही. बरं वाटलं.