तिरक्या गाडीतला फ्रिज

गॅसवर चालणारा फ्रिज म्हटलं की माणसं हसतात. खाली जाळ अन् वर गारवा, असं कुठं असतंय का, म्हणतात. असतंय बाबा! माझ्या संसारात सहा वर्षं होता, आणि त्याला जपलं तेवढं मी नवऱ्यालाही जपलं नाही.

आमचा आकाशपाळणा आहे. घर कंधारला, पण दिवाळी सरली की पाऊसकाळापर्यंत आम्ही जत्रांच्या मागं. आज मुदखेडकडं, तर पंधरा दिवसांनी लातूरकडं. पाळण्याचा सांगाडा टेम्पोत, आणि टेम्पोला मागून जोडलेली आमची राहायची गाडी. ती माझ्या नवऱ्यानं हैदराबादच्या भंगारातून आणली. कुणीतरी परदेशी माणसं हिंडायला घेऊन आली असतील अन् इथंच टाकून गेली असतील. आत एक पलंग, ओटा आणि हा फ्रिज. जत्रेतल्या लाइटीचा भरवसा नाही, आणि जनरेटर पाळण्यालाच पुरत नाही. सासूला शुगर होती. दोन वेळा इन्सुलिनची सुई लागायची, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती बाटली पत्र्याच्या गाडीत उघड्यावर ठेवली तर चार दिवसांत औषधाचं नुसतं पाणी होतंय. म्हणून फ्रिज बंद पडून चालणार नव्हतं.

सुई मीच द्यायचे. आमचे हे पाळण्याच्या शेंड्यावर वानरासारखे चढतील, पण सुई बघितली की तोंड फिरवतात. मर्द माणूस!

फ्रिज कसा वापरायचा ते मला लातूरच्या एका म्हाताऱ्या चाचांनी शिकवलं. फ्रिज दुरुस्तीत त्यांची हयात गेली होती. गाडी हलायच्या आधी सिलिंडर बंद करायचा, मगच चाक फिरलं पाहिजे. आत ज्योत ठेवून पेट्रोल पंपावर गेलात तर तुम्ही जाल, पंपही जाईल. वाटेत गारवा टिकायला आदल्या दिवशीच पाण्याच्या बाटल्या गोठवून आत ठेवायच्या अन् दार सारखं उघडायचं नाही. मागच्या जाळीवर ताडपत्री टाकायची नाही, धग तिथूनच बाहेर जाते. नळीला साबणाचा फेस लावून बघायचा, कुठं बुडबुडा फुगला तर काडी ओढायचीच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली.

"बेटी, ह्याच्यात मशीन न्हाई. जाळावर आतलं पाणी फिरतंय, बस. गाडी तिरकी उभी केली की ते फिरत न्हाई. ज्योत जळत राहील, तुला वाटंल चालू हाय, अन् आतमध्ये भट्टी."

त्यांनी गवंडी वापरतात तसली एक जुनी पाणसळ मला दिली. प्रत्येक मुक्कामाला मी ती फ्रिजमध्ये ठेवायचे, आणि तिचा बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत चाकाखाली विटा सरकवायला लावायचे. हे वैतागायचे. म्हणायचे, "झाली का गवंडीणबाईची पाहणी?"

त्या साली चैत्रात आम्ही शिरूर अनंतपाळच्या अलीकडं एका गावच्या जत्रेला गेलो. मैदान उताराचं होतं. सपाट तुकडा एकच होता, आणि त्यावर गाडी एकाच बाजूनं बसत होती. मी पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये आला, फ्रिज पेटवला. सासू पलंगावर आडवी झाली आणि लगेच उठून बसली.

"अगं, दक्षिणेला पाय येऊन राहिलेत माझे! मढं हाय का मी?"

मी म्हटलं, आत्या, उशी तिकडं घ्या, उलट्या झोपा. तर आत्ताच्या उशाकडं देवांची फळी. देवाकडं पाय कसे करायचे? आता माझ्या माहेरीही दक्षिणेला पाय करून कुणी झोपत नाही. तरी बोलले. गाडी फिरवली तर तिरकी होईल, फ्रिज चालणार नाही, औषध नासेल, असं दोनदा सांगितलं. शेजारी खेळण्यांचं दुकान लावणाऱ्या बाया ऐकत होत्या. त्यांच्यासमोर सासू म्हणाली, "माहेरी साधा माठ गळका, अन् इथं येऊन इंजिनेर झाली!"

बाया हसल्या. हे पण हसले. ते हसले ते मला जास्त लागलं.

गाडी फिरवली. सासूचे पाय पूर्वेला आले आणि गाडी एका अंगाला कलली. मी विटा मागितल्या. यांनी एक लावली, म्हणाले, "बास झालं. इकडं पाळणा उभा करू का तुझं खेळणं बघू?" जॅक पाळण्याच्या पायाखाली गेला होता. मी पाणसळ ठेवली. बुडबुडा कडेला जाऊन चिकटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिज उघडला. दूध फाटलेलं, बाटलीतलं पाणी कोमट. मागं हात लावला तर चटका बसला, आणि खाली ज्योत निळी, स्वच्छ. चाचांनी सांगितलं होतं अगदी तसंच. इन्सुलिनची बाटली दाराच्या कप्प्यात होती. ती मी हातात घेतली. तीही कोमट.

आता खरं लिहिते. आजवर कुणाला सांगितलं नाही. मी ती बाटली परत कप्प्यात ठेवली आणि दार लावलं.

माझ्या मनात होतं, बघा आता. सकाळी चहाला दूध मिळणार नाही, मग समजेल कोण इंजिनेर आहे ते. मी स्वतःला दुधाचंच सांगत होते. पण बाटली हातात घेतली होती ना मी? गावात औषधाचं दुकान होतं. समोरच्या पानटपरीवाल्याकडं बर्फाची पेटी होती, "काय लागलं तर सांगा, भाभी" असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. दहा पावलं चालायची होती. मी चालले नाही. जळो तो फ्रिज अन् जळो यांचं घर, असं झालं होतं मला.

संध्याकाळी त्याच बाटलीतून सुई भरली. सासूनं पोटावरचा पदर बाजूला केला. मी टोचली. असं पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. दुधाविना चहा राहिला तर यांनी टपरीवरून आणला, फ्रिजचं कुणी विचारलंही नाही. रोज वाटायचं, आज सांगते. पण मग यांनी विचारलं असतं, कालच का बोलली नाहीस? एक दिवस गप्प बसले आणि त्या एका दिवसासाठी पुढचे सगळे दिवस गप्प बसावं लागलं.

सासू सारखं पाणी मागायला लागली. चपलेनं तिच्या करंगळीजवळ आधीच जरा घासलं होतं, ते चिघळलं. मी हळद भरली. हळद! सहाव्या दिवशी सकाळी ती उलट्या करून पडली, हाक मारली तर डोळे उघडेनात. टेम्पो सोडवून तिला लातूरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन कुठं ठेवता?"

"फ्रिजमधी, सायेब," हे म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं.

"फ्रिजमध्येच," मी म्हटलं. खोटं कुठं होतं त्यात?

नव्या बाटलीनं शुगर उतरली. पण पायाची दोन बोटं काढावी लागली. हे कंधारच्या औषधवाल्याकडं जाऊन तावातावानं भांडले, की तू खराब बाटली दिलीस. तो बिचारा शपथा खात होता. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते.

गाडी नंतर मोडीत काढली. सासू आता कंधारच्या घरीच असते, काठी घेऊन चालते, आणि मी तिच्याजवळ थांबते. माझा राग यांच्यावर अजून आहे, त्या हसण्यावर आहे, एका विटेवर आहे. पण तो घेऊन मी कुठं जाऊ? बाटली कोमट झाली हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

सासू मात्र पार बदलली. बायका भेटायला आल्या की माझा हात धरून सांगते, "ही होती म्हणून मी हाय. हिच्या हाताला लई गुण हाय." मी उठून चहा टाकायला जाते.

परवा सकाळी सुई देत होते. हे दारात उभे होते. तिनं त्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाली, "ऐक रे. मी जाईन तवा माझ्या तोंडात शेवटचं पाणी तू घालायचं न्हाई. हिनं घालायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं मला नको."

मग माझ्याकडं वळली. "घालशील ना गं पोरी?"

सुई अजून तिच्या पोटात होती. मी "हाव" म्हणाले.